दहावं 'नको'

आंबिवलीच्या समाजमंदिरात विनिताताई मुलींना छोटा व्यवसाय करायला शिकवत. आजचा गृहपाठ मात्र भलताच होता. "विकायचं टेन्शन घेऊ नका. अनोळखी दारं वाजवा, दहा वेळा 'नको' ऐकून या. भीड चेपेल."

चटणीची पुडी घेऊन संचिता बेल वाजवत गेली. कशीबशी नऊ 'नको' ऐकून ती घरी परतली, तर दारात अनोळखी चपला. आत पाहुणे चहा पीत होते.

"फोटोवरूनच मुलगी पसंत आहे त्यांना," बाबा म्हणाले. "पुढच्या महिन्यात उरकून टाकू. काय गं?"

तिने हातातली चटणीची पुडी चहाच्या ट्रेशेजारी ठेवली.

दुसऱ्या दिवशी ताईंनी विचारलं, "झाली दहा?"

"झाली." संचिता म्हणाली.

"दहावं कोण म्हणालं?"

"मीच, ताई. बाबांना."