कोल्ह्याचं गाणं

“कोल्हा म्हणजे कोण?” सी तय्यबनी टेप थांबवला.

“कोल्हा म्हणजे कोल्हा, साहेब,” मोकरान म्हणाला.

त्याच्या कॅसेटमधली अर्धी गाणी त्याची स्वतःची होती, अर्धी अल्जीरियाच्या जुरजुरा डोंगरातल्या गावांची. कॅसेटला परवाना देणारे सरकारी अधिकारी सी तय्यब सकाळपासून ती ऐकत होते. या गाण्यावर अडले.

कोल्ह्याने घेतली मेंढपाळाची काठी,
कोकरं विचारती, कोण आमच्या पाठी?

“हे जुनं आहे. बायका जैतून तोडताना म्हणतात.”

“सोयीचं आहे की! जुन्या गाण्याला बाप नसतो, मग पकडायचं कुणाला?” सी तय्यब हसले. “तुझं निघालं तर तू आत. जुनं निघालं तर कॅसेट बाजारात. चल तुझ्या गावाला.”

साक्षीदार त्यांनीच निवडली: तसादित आजी. तिच्या आणि मोकरानच्या घराचं एका जैतुनाच्या झाडावरून पिढ्यांचं वैर. ती त्याच्यासाठी खोटं बोलणं शक्यच नव्हतं. तरी सी तय्यबनी मोकरानला बांधाच्या भिंतीकडे तोंड करून उभं केलं. डोळ्यांची खूणही नको.

आजी झाडाखाली जैतुनाची फळं वेचत होती. तिने गाणं ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं. मग बाजूला थुंकली.

“मेला चोर! माझ्या आजीचं गाणं ढापलं!”

“नक्की?”

“साहेब, तुम्ही दुपट्यात होतात तेव्हापासून म्हणतेय मी. आणि या गाढवाने अर्धं गाळलंय.”

ती टोपली बडवत गाऊ लागली.

कोल्हा झाला लठ्ठ, कळप झाला थोडा,
कोल्हा सांगे, कोकरांनो, रडणं आता सोडा.

सी तय्यबचा चेहरा उतरला. पण जुनं ते जुनं. शब्द दिला होता. जीपच्या टपावर कागद ठेवून त्यांनी शिक्का मारला.

“ते दुसरं कडवं मात्र कॅसेटवर नको,” ते म्हणाले आणि निघून गेले.

जीप वळणाआड जाईपर्यंत मोकरान भिंतीपाशीच उभा होता. मग वळला.

“आजी, तुझी आजी हे कसं म्हणेल? मी ते गेल्या हिवाळ्यात रचलं.”

“कळलं रे ते. पण एकाच कडव्याचं गाणं जुनं वाटत नाही.”