मोगऱ्याचा संशय

लग्नाच्या वाढदिवसाला कुमुदला देण्यासाठी हेरंबरावांनी मोगऱ्याच्या हलक्या वासाचा लेडीज परफ्यूम घेतला. दुकानातल्या मुलीने वास दाखवायला तो त्यांच्याच मनगटावर उडवला होता.

ते घरात शिरताच कुमुदने हवा हुंगली आणि मालिका ऐन रंगात असताना टीव्ही बंद केला. असं वीस वर्षांत घडलं नव्हतं.

"कोण आहे हो ती?"

बाटली काढायला पिशवीत गेलेला हात हेरंबरावांनी हळूच मागे घेतला. "कोण? कुठे कोण?"

त्या दिवशी त्यांच्या ताटात तव्यावरची गरम पोळी पडली. दुसऱ्या दिवशी कुमुदने केस रंगवले.

वाढदिवसाला त्यांनी तिला कुकर दिला. परफ्यूम स्कूटरच्या डिकीत असतो. घरी येताना जिन्याखाली थांबून ते थोडासा कॉलरला लावतात.