हैबतराव गाव बघायला निघतात

हैबतरावांची सगळी हयात मुंबईच्या गिरणीत गेली. साठ साली निवृत्त होऊन ते मुठा खोऱ्यातल्या आपल्या गावी आले आणि एका सकाळी कडक फेटा बांधून, "आपलंच गाव जरा आळीआळीनं बघून येतो," म्हणत निघाले.

गावात त्यांना चेहऱ्यानं ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. कडक फेटा आळीत शिरला की लोक समजायचे, पाव्हणं मुलासाठी पोरगी बघायला आलेत. खालच्या आळीत घोंगडी अंथरली गेली, पोहे आले, पोह्यांमागून पोरगी आली. लोकांचा हिरमोड कसा करायचा, म्हणून हैबतरावांनी तिचं नाव विचारलं. वरच्या आळीतही तेच. रमजानभाईंनी तर दारातच हात जोडले. "पाव्हणं, आमच्यात तुमचं जमायचं न्हाई. पर च्या घेऊन जावा."

संध्याकाळी ते घरी पोचले. बातमी त्यांच्या आधीच पोचली होती. ओसरीवर पाट मांडलेला, समोर पोह्यांची बशी, आणि पाटावर डोक्यावरून पदर घेऊन, मान खाली घालून बसलेली त्यांची बायको.

"अगं ए, ह्ये काय?"



"आता माजंबी नाव इचारा. लगीन झाल्यापासनं तेवढं ऱ्हायलंय."