स्लेट पॉइंटच्या शाळेतली जागा

श्यामला गजभिये मुलाखतीत वर्गातल्या शिस्तीबद्दलचं पाठ केलेलं उत्तर देत होती. ती अगदी रंगात आली होती, तेवढ्यात समोरच्या तिघांतल्या म्हाताऱ्या बॅरीने मध्येच विचारलं, "बाहेर बाकावर बसलीय ती मुलगी तुमची का?"



"सॉरी," श्यामला म्हणाली. "सिडनीत तिला सांभाळायला कुणी नव्हतं. नवऱ्याला शिफ्ट सोडता आली नाही. ती काही त्रास देणार नाही."

"अहो, आत बोलवा तिला! गारठून जाईल पोर."

गारठा होताच तसा. टास्मानियाच्या पार दक्षिणेचा किनारा, त्यात जुलै, म्हणजे इथला ऐन हिवाळा. समुद्रावरचा वारा खिडक्यांच्या फटींतून शिट्ट्या घालत होता. या गावाच्या आणि अंटार्क्टिकाच्या मध्ये त्याला अडवायला काहीच नव्हतं. नागपूरच्या उन्हात वाढलेल्या श्यामलाने ब्लेझरच्या आत नवऱ्याचा स्वेटर घातला होता, तरी तिचे दात वाजत होते.

ती वर्षं अशी होती, की सिडनीत वेंटवर्थव्हिलच्या गॅरेजांमध्येसुद्धा भारतातून आलेले विद्यार्थी राहत होते. नागपुरात गणित शिकवणारी श्यामला त्याच लाटेत आली. इथे पुन्हा युनीत, म्हणजे विद्यापीठात गेली, शिक्षिकेची पदवी घेतली, आणि ब्लॅकटाउनपासून केलीव्हिलपर्यंत सिडनीभर अर्ज करत सुटली. प्रत्येक शाळेला इथला अनुभव हवा होता. तो अनुभव देणारी शाळा मात्र सापडेना. व्हिसा संपत आला, तेव्हा मैत्रीण नीरजा म्हणाली, "जिथे चिटपाखरू जात नाही तिथे अर्ज कर. नोकरीही मिळेल, आणि आडगावात काम केलं की देशात राहायलाही मिळेल." म्हणून स्लेट पॉइंट.

पायल आत आली. आठ वर्षांची, नाक लाल झालेलं. मुख्याध्यापक ट्रेव्हर चक्क उठून उभा राहिला. तो शाळेची बसही चालवायचा. पोस्ट सांभाळणाऱ्या लॉरेनने आपली खुर्ची हीटरजवळ ओढून पायलला दिली. ती आणि लॉबस्टर धरणारा बॅरी, दोघं शाळेच्या समितीवर होते.

"कितवीत आहेस?" ट्रेव्हरने विचारलं.

"इयर थ्री."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. लॉरेनने बिस्किटांचा डबा पुढे सरकवला.

"तर, अपूर्णांक शिकवताना मी..." श्यामलाने सुरुवात केली.

"हो हो, छान," ट्रेव्हर तिच्याकडे न बघताच म्हणाला. "पायल, बसमध्ये तुला उलटी होते का? इथला रस्ता वळणावळणाचा आहे."

"नो."

"मासे खातेस?" बॅरीने विचारलं.

"ओन्ली फिश फिंगर्स."

"चालेल, चालेल! भाऊबहीण?"

"नो."

बॅरीचा चेहरा पडला. तो श्यामलाकडे वळून म्हणाला, "पुढे काही विचार आहे का?"

"बॅरी, हे विचारायचं नसतं!" लॉरेन ओरडली. पण उत्तराची वाट तीसुद्धा बघत होती.

श्यामलाला वाटलं, संपलं सगळं. दोन विमानं आणि एक बस करून आपण आलो, ते या लोकांची करमणूक करायला. तिने आपली फाइल मिटली.

"तुम्हाला शिक्षक नको असेल तर सरळ सांगा," ती म्हणाली. 

ट्रेव्हर ओशाळला. "मिसेस गजभिये, शाळेत अकरा मुलं आहेत. या सत्रात बारा भरली नाहीत तर शाळा बंद. मग ही अकरा घरंही गाव सोडतील. सकाळी या जागेसाठी एक गृहस्थ येऊन गेले. फार विद्वान. पण एकटेच आहेत हो."

 श्यामला पायलकडे बघत राहिली. पायल तिसरं बिस्किट खात होती.

"मग, पायल," लॉरेनने अगदी हळू विचारलं, "येशील का आमच्या शाळेत?"

पायलने खिडकीबाहेर पाहिलं. करडा समुद्र, करडं आभाळ, एक रिकामा झोपाळा वाऱ्याने आपोआप हलत होता. तो झोपाळा तिला आवडला असावा.

"हू विल बी माय टीचर?"

"तुझी आई."

पायलने हातातलं बिस्किट खाली ठेवलं. "इज देअर एनीवन एल्स?"

"नाही गं," ट्रेव्हर कळवळून म्हणाला.

पायल खुर्चीतल्या खुर्चीत आईकडे वळली. "मम्मी, विल यू शाउट?"

आता सगळे श्यामलाकडे बघू लागले. मुलाखत सुरू झाल्यापासून तिच्या एकाही उत्तराकडे कुणी इतकं कान देऊन बसलं नव्हतं. शिस्तीवरचे सगळे सिद्धांत तिच्या डोक्यात होते. त्यातला एकही कामाचा नव्हता.

"शाळेत नाही ओरडणार," ती म्हणाली.

"अँड अ‍ॅट होम?"

 सकाळचे डबे, न सापडणारे मोजे, अर्धवट पडलेला गृहपाठ, सगळं श्यामलाच्या डोळ्यांसमोरून गेलं.

बॅरीने दाढी खाजवल्यासारखं करत तोंडावर हात धरला आणि तो पुटपुटला, "नाही म्हणा, मेट. नाही म्हणा."

"घरीसुद्धा नाही," श्यामला म्हणाली.

त्या दिवशी तिने सांगितलेल्या सगळ्या गोष्टींत तेवढी एकच खोटी होती, आणि नोकरी तिला तेवढ्यावरच मिळाली.