रविवारनंतरची रेकॉर्ड

विद्याधर गेल्यावर महिनाभरानं त्याच्या बायकोनं हेरंबला बोलावून घेतलं. "भावजी, यांच्या रेकॉर्डी तुमच्याशिवाय कोणाला कळणार? हव्या त्या घेऊन जा."

कॉलेजात असताना दोघांना रद्दीच्या दुकानात इटालियन रॉकचा जाडजूड संदर्भकोश सापडला होता. तेव्हापासून दर रविवारी विद्याधरकडे बैठक जमायची. कोशानं सगळ्यात वर मानलेली एक रेकॉर्ड मात्र काही केल्या मिळेना. तिच्यासाठी हेरंबनं थेट मिलानच्या दुकानदारांना पत्रं लिहिली होती. "आपल्या नशिबात नाही रे ती," विद्याधर म्हणायचा.

कपाट उघडलं तर ती समोरच होती. हाताळून हाताळून कव्हरचे कोपरे मऊ पडले होते.

"ही कधी आणली, वहिनी?"

"झाली की बरीच वर्षं. मुलगी शाळेत होती तेव्हा. फार जीव होता त्यांचा हिच्यावर. रविवारी तुम्ही निघालात, की दार लावून आधी हीच ऐकायचे."

हेरंबनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना खरंच काही ठाऊक नव्हतं.

"लावू का?" त्यांनी मायेनं विचारलं.

"नको. ऐकलीय मी," हेरंब म्हणाला आणि चहा न घेताच उठला.