शेवटपर्यंत ऐकणारा

"आज आला होता का गं तो?" बाबांनी विचारलं.

"आला होता की," स्क्रीनवरची नजर न काढता ती म्हणाली. "दर तासाला. अगदी ठोक्याला ठोका."

बोलली आणि कीबोर्डवरचा तिचा हात थबकला. इतकं नेमकं कोण असतं?

बाबांच्या व्हायोलिनच्या जुन्या कॅसेटी तिनंच खरखर काढून साफ केल्या होत्या आणि घरातल्या सर्व्हरवर त्यांचं एक वेबपान उभं केलं होतं. सर्व्हर नीट चाललाय ना, हे बघायला तिनं एक छोटासा प्रोग्रॅम बसवला होता. ती त्याला मनातल्या मनात पहारेकरी म्हणायची. तो दर तासाला पानावरची सगळ्यात वरची धून लावायचा, शेवटपर्यंत चालू द्यायचा आणि मधे कुठे तुटली तर तिला कळवायचा. त्याला श्रोत्यांत मोजू नये, अशी कोडची एक ओळ जुन्या सर्व्हरवर होती. नव्या सर्व्हरवर सगळं हलवताना ती ओळ मागे राहिली होती. त्याआधी पानाला कुणी श्रोताच नव्हता. त्यानंतर हा एक आला होता.

तिलाही तेव्हा बरं वाटलं होतं. म्हणूनच तिनं खोलात जाऊन पाहिलं नव्हतं.

चूक दुरुस्त करायला एक ओळ पुरे होती. तिनं ती लिहिली. एंटर दाबायचं तेवढं राहिलं.

"रात्रीसुद्धा ऐकतो," बाबा म्हणाले. "झोप लागत नसणार बिचाऱ्याला."

"बायकोनं घराबाहेर काढलेला दिसतोय," आई कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली.

"तुला काय कळतंय? पारखी माणूस आहे. रोज तीच धून ऐकतो."

"मी जन्मभर ऐकतेय. मला नाही कधी पारखी म्हणालात."

बाबा हसले. मग खिशातून फोन काढून त्यांनी तो तिच्यापुढे धरला. उजव्या हातानं. डावा मांडीवर होता. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याची बोटं ऐकत नव्हती. व्यायामाला या म्हणून डॉक्टरांनी जीव खाल्ला, तरी ते हलले नव्हते. पण हा ऐकणारा आल्यापासून ते रोज दुपारी दार लावून व्हायोलिन घेऊन बसत होते.

"चिमे, आज त्याच्यासाठी नवीन वाजवलंय. सगळ्यात वर लाव."

"फोन धरून धरून माझा हात मोडून आला," आई म्हणाली.

"आणि हे बघ," बाबांचा आवाज खाली आला. "पूर्ण ऐकलं की अर्धवट सोडलं, ते येतंच ना पानावर? तो मधेच उठला, तर मी समजेन. मग व्हायोलिन माळ्यावर. उगाच कुणाला छळायचं नाही."

तिनं धून वर लावली. नीट वाजतेय का पाहायला कानांत इअरफोन घातले, पान उघडलं आणि सुरू केली.

पहिले चार सूर बरे होते. पाचव्यावर बोट घसरलं. बाबांनी तो पुन्हा घेतला, पुन्हा घसरला. पुन्हा. गज तारेवर नुसताच अडकून राहिला. मग बाबांचा श्वास ऐकू आला, आणि आईचा आवाज, अगदी हळू: "असू द्या. पुढे घ्या." लहानपणी पाचव्या सुराला ती चुकली, की बाबा टेबलावर गज आपटायचे. तिनं धून बंद केली.

खुर्चीत बाबा टॅबलेटवर तेच पान उघडून वाकले होते.

"आला," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "अर्धवट."

आईच्या हातातली घडी तशीच राहिली.

"तरी बराच वेळ बसला म्हणायचा," बाबा म्हणाले. "स्टूल आण गं जरा. माळ्यावर टाकून देऊ."

"बाबा, ती मी होते."

"तू?"

"नीट लागलंय का बघत होते."

"मग बंद का केलंस?"

"तपासायला तेवढं पुरतं."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. तिचे कान त्यांनीच तयार केले होते. तेवढ्यात काय काय ऐकू येतं, ते त्यांना सांगायला नको होतं.

"बरं," ते शेवटी म्हणाले.

तास भरायला थोडा अवकाश होता. स्क्रीनवर तिनं लिहिलेली ओळ तशीच होती, पुढे कर्सर लुकलुकत होता. तिनं एकेक अक्षर मागे घेत ती पुसून टाकली.

ठोक्याला बाबांच्या टॅबलेटवर नवी नोंद उमटली. कोणीतरी ऐकत होतं. पाचवा सूर आला असेल, गेला असेल. ती जागची हलली नाही. बाबा डाव्या हाताची बोटं मांडीवर एकेक करून दाबत होते, तिकडच्या सुरांबरोबर.

"पूर्ण!" ते ओरडले. "अगं, पूर्ण ऐकलं त्यानं!"

"झोपू द्या आता त्याला," आई म्हणाली आणि पदरानं डोळे टिपले.

बाबांनी मान वळवून लेकीकडे पाहिलं. रागावलेले नव्हते ते. समजावल्यासारखं म्हणाले,

"ओळख ना पाळख, तरी शेवटपर्यंत बसला. ऐकायचं कसं, ते शीक जरा त्याच्याकडून."