पाण्यावरची गिरकी

सातव्यांदा ती पाण्यावर तोंडघशी आपटली. दोरीची दांडी हातातून सुटून बोटीमागे उड्या मारत गेली.

बोट वळून येईपर्यंत ती खोकत तरंगत राहिली. बावन्न वर्षांची, त्यातली बावीस शहराची बस चालवण्यात गेलेली. पायाला फळ्या न बांधता, नुसत्या तळव्यांवर बोटीमागे घसरत जाणं तिला गेल्या वर्षी जमलं होतं. आता पहिली गिरकी शिकायची होती. सांगायला सोपी. पळत्या पाण्यावर बसायचं, पाठ टेकायची, एक खांदा दाबून पालथं व्हायचं, म्हणजे डोकं बोटीकडे येतं. मग पाय फिरवून पुन्हा पुढे आणायचे आणि उभं राहायचं. पालथी होईपर्यंत सगळं ठीक व्हायचं. तिथेच माशी शिंकायची.

"वहिनी, बास झालं आता," सुकाणूवरचा धाकटा दीर म्हणाला. मागे तोंड करून बसलेल्या जावेनंही ओठ निळे पडल्याचं सांगून पाहिलं.

तिनं बोटीची कड धरली. काहीतरी खटकत होतं. इंजिनाच्या आवाजावर जन्म काढलेल्या बाईला ते कळायला सात वेळा पडावं लागलं, याचाच तिला राग आला.

"मी पालथी झाले की तू वेग कमी करतोस."

तो आधी नाही म्हणाला. मग त्यानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं पाण्याकडे.

"डोकं पुढे येतं गं तुझं. बघवत नाही. वेगाच्या दांड्यावरचा हात आपोआप मागे येतो."

ती लग्न होऊन घरात आली तेव्हा हा चौथीत होता. आत्ताही चेहरा तसाच झाला होता. पण विरघळून चालणार नव्हतं. वेग उतरला की दोरी सैल पडते, अंग बुडतं आणि पाणी थोबाडीत बसतं, हे तिनं त्याला शांतपणे समजावलं.

"मागे बघूच नकोस. पडले तर तुझी बायको सांगेल."

बोट निघाली. ती उभी राहिली, बसली, पाठ टेकली, डावा खांदा दाबला. आभाळ गेलं, हिरवं पाणी आलं, मग डोळ्यांसमोर थेट बोटीची पिछाडी. इंजिनाचा सूर हलला नाही. तिनं पाय ओढले, उरलेलं पाण्यानंच फिरवलं. आभाळ परत आलं. तिनं टाचा रोवल्या. गुडघे लटपटले, बूड एकदा टेकलं, उचललं, आणि ती उभी होती.

जाऊ दोन्ही हात वर करून ओरडत होती. दिराची मान मात्र ताठ समोर. बायकोनं खांद्यावर थाप मारली तेव्हा कुठे त्यानं वेग उतरवला.

जवळ येऊन त्यानं तिला वर घ्यायला हात दिला. तिनं तो क्षणभर घट्ट धरला, मग सोडून दांडी मागितली.

"आता उजव्या खांद्यावरून."